शहराच्या नकाशांत आपलें शेत

शहरालगतच्या जमिनींचा प्रश्न आपल्या संघापुढें वारंवार येतो, आणि तो बहुधा एकाच रीतीनें येतो. एखादे सभासद कचेरींत येतात, पिशवींतून सातबाराचा उतारा काढून मेजावर ठेवतात आणि विचारतात कीं, "आमच्या गटाला झोन कोणता पडला आहे?" ही चौकशी ते आपण होऊन करीत नाहींत. आठ दिवसांपूर्वीं कोणी मध्यस्थ मोटार घेऊन बांधावर आलेला असतो. "तुमची जमीन हिरव्या पट्ट्यांत आहे, तिला भाव नाहीं, पण मी ती पिवळ्यांत आणून देतों," असें त्यानें सांगितलेलें असतें, आणि कुलमुखत्यारपत्राचा कागद सहीसाठीं ठेवून तो गेलेला असतो. पुष्कळ वेळां सभासद आमच्याकडे येतात ते सही झाल्यावरच.

या लेखांत मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. शहराच्या नगररचना कचेरींत शेतकरी सर्वांच्या शेवटीं जातो आणि एकटा जातो. त्यानें सर्वांच्या आधीं गेलें पाहिजे आणि शेजाऱ्यांस बरोबर घेऊन गेलें पाहिजे. बाकीचा तपशील याच्या मागून येतो. हें मी दुसऱ्यांच्या चुका मोजून लिहितों आहें असें कोणीं समजूं नये. त्या चुकीचा एक धनी मी स्वतः आहें.

माझी साडेचार एकर जमीन एका वाढत्या शहराच्या शिवेला लागून आहे. तिच्यांतील विहिरीकडचा सुमारें तीस गुंठ्यांचा तुकडा शहराच्या विकास योजनेंत खेळाच्या मैदानासाठीं राखून ठेवलेला आहे. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला त्या वेळीं आमच्याकडे सोयाबीनची खुरपणी चालू होती. हरकतींची नोटीस वर्तमानपत्रांत आली होती, आणि तें वर्तमानपत्र माझ्याच घरीं येत असे. त्या अंकाच्या पानांत बहुधा मिरचीचें बीं बांधून ठेवलें गेलें असेल. पुढें पाइपलाइनसाठीं कर्ज मागावयास गेलों तेव्हां बँकेनें झोन दाखला आणावयास सांगितला, आणि त्या दाखल्यावरून मला प्रथम समजलें कीं, माझ्या वडिलांनीं खोदलेल्या विहिरीवर शहरांतील मुलें चेंडू खेळणार आहेत. तोंपर्यंत योजना अंतिम झाली होती. कचेरींत विचारपूस केली तेव्हां तेथील एका भल्या माणसानें जुना कागद काढून दाखविला. पाहणीच्या नकाशांत माझा तो तुकडा "मोकळी जागा" म्हणून रंगविलेला होता. त्यानें तरी दुसरें काय करावें? सातबारावर विहिरीची नोंदच नव्हती. ती नोंद करून घेण्याचें काम वडिलांनीं माझ्यावर सोंपविलें होतें, आणि मी तें दरसाल पुढच्या सालावर ढकलीत आलों होतों.

नकाशावरची रेघ कायदा कशी होते हें समजून घेतल्यावांचून या कचेरीचा दरवाजा आपल्याला उघडत नाहीं. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. त्यांत एका वस्तीपुरती जमीन एकत्र करून तिचे रेखीव भूखंड पाडण्याची सोय होती. पुढें १९५४ च्या कायद्यानें संपूर्ण शहराची विकास योजना करण्याचें बंधन नगरपालिकांवर घातलें, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलांत आला. आजचा सर्व कारभार त्यावर चालतो.

या अधिनियमाप्रमाणें नगरपालिका किंवा महानगरपालिका प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर करते. मग जमिनीच्या सध्यांच्या वापराची पाहणी होऊन तिचा नकाशा तयार होतो, आणि त्यावरून योजनेचा मसुदा. मसुदा राजपत्रांत व स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर होतो, त्याची प्रत कचेरींत पाहावयास ठेवलेली असते, व तीस दिवसांच्या आंत कोणासहि लेखी हरकत अगर सूचना देतां येते. हरकतदारास नियोजन समिति समक्ष ऐकते. या समितींत स्थायी समितीचे तीन सभासद व नगररचना संचालकांनीं नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. त्यानंतर राज्य शासन मंजुरी देतें. योजना अंतिम झाली म्हणजे ती खुद्द नगरपालिकेवरहि बंधनकारक होते, आणि तिची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदां व्हावयाची असते. म्हणजे ज्यानें तीस दिवस गमावले त्याची गांठ पुढें वीस वर्षांशीं असते.

आपले लोक हरकतीच्या मुदतीविषयीं थोडें तरी ऐकून असतात. पाहणीच्या नकाशाविषयीं कोणी बोलत नाहीं. वस्तुतः डाव तेथेंच पडतो. उन्हाळ्यांत वरून घेतलेल्या छायाचित्रांत नांगरून टाकलेलें जिराईत शेत आणि पडीक माळ यांत फारसा फरक दिसत नाहीं. म्हणून इरादा जाहीर झाल्याची बातमी कळतांच सातबारा पुढें घेऊन बसावें. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळबाग, गोठा, राहतें घर, बांधावरचीं मोठीं झाडें, वहिवाटीची पाणंद यांपैकीं कशाची नोंद कागदोपत्रीं आहे आणि कशाची नाहीं तें पाहावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत पिकाची पाहणी मोबाइलवरून शेतकऱ्यास स्वतः नोंदवितां येते. ज्यांची जमीन शहराजवळ आहे त्यांनीं ती एकहि हंगाम चुकवूं नये. पीक विम्यासाठीं जें काम आपण शेवटच्या दिवशीं धांवपळीनें उरकतों तेंच येथें जमिनीच्या बचावाचा पुरावा होतें. मोजणीचेंहि तसेंच. हद्दीच्या खुणा हरवलेल्या असतील तर मोजणीचा अर्ज आधींच करून ठेवावा. तीस दिवसांची मुदत सुरू झाल्यावर केलेल्या अर्जाची मोजणी त्या मुदतींत हातीं येईल अशी आशा कोणीं धरूं नये.

हरकत कशी लिहावी याविषयींहि थोडें सांगतों. संघाच्या दप्तरांत जुन्या हरकतींच्या कांहीं नकला आहेत. त्या मीं वाचल्या. बहुतेकांत मजकूर एकच: आम्ही गरीब शेतकरी आहों, या जमिनीवर आमचें पोट आहे, तरी आरक्षण उठवावें. मजकूर खोटा नाहीं. परंतु समितीस त्यावर कांहीं करतां येत नाहीं, कारण तोच मजकूर इतर सर्वांनीं लिहिलेला असतो. ज्या हरकतींत गट क्रमांक, क्षेत्र, मोजणीचा नकाशा, विहिरीचें व झाडांचें छायाचित्र आहे, आणि हा रस्ता आमच्या दोन गटांच्या मधल्या बांधावरून नेल्यास कोणाचेंच शेत दुभंगत नाहीं असा पर्याय नकाशावर आंखून दाखविलेला आहे, ती हरकत नकाशा करणाऱ्याच्या हाताला काम देते. रस्ता, शाळा, मैदान हें शहराला कोठें तरी पाहिजेच असतें. नुसतें "नको" म्हणणाऱ्यापेक्षां "येथून न्या" म्हणणाऱ्याचें ऐकलें जाण्याचा संभव अधिक. मात्र तो पर्याय शेजारच्या विधवेच्या शेतावर ढकललेला नसावा. हें लिहावें लागतें याची लाज वाटते, पण असे पर्याय मीं त्या नकलांत पाहिले आहेत.

हरकतींना विचारतो कोण, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ सालीं स्थापन झालें. त्यानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मसुद्यावर हजारों हरकती आल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०२५ सालीं शासनानें तो मसुदा रद्द केला. केवळ हरकतींनींच तो रद्द झाला असें मी म्हणत नाहीं. परंतु इतक्या गाजावाजानें निघालेला कागद शेवटपर्यंत मसुदाच राहिला, हें त्या भागांतील शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि नवा मसुदा निघेल तेव्हां जुनी हरकत आपोआप चालेल या भ्रमांत मात्र राहूं नये.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. आपल्यांतच दोन मतें आहेत. कित्येकांस आपली जमीन पिवळ्या, म्हणजे निवासी विभागांत यावी असें वाटतें. कित्येकांस ती हिरव्या, म्हणजे शेती विभागांतच राहावी असें वाटतें. आणि खरें बोलावयाचें तर पुष्कळांस ती कसतांना हिरवी व विकतांना पिवळी पाहिजे असते. यांत मी कोणास दोष देत नाहीं. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षीं पिवळ्या रंगाचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु दोन्ही रंगांचा हिशेब पुरता मांडून मग अर्ज करावा. रंग पिवळा झाला म्हणजे पैसा आला असें नव्हे. रस्ता, पाणी व सांडपाण्याची वाट नसतांना पिवळा झालेला पट्टा वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. शेजारीं उठलेल्या इमारतींचें सांडपाणी ओढ्यावाटे उसांत येतें. आणि वाटणीचे दावे मात्र रंग पालटल्याच्या दुसऱ्याच दिवशीं उभे राहतात. उलट रंग हिरवा राहिला म्हणजे शेती सुरक्षित राहिली असेंहि नाहीं. भोंवतीं वस्ती झाली कीं मजूर मिळत नाहीं, बैल बांधावयास जागा राहत नाहीं, आणि उभ्या पिकांतून पायवाटा पडतात.

शहराला हिरवळ पाहिजे असेल तर तिची किंमत सगळ्या शहरानें मोजावी, एकट्या शेतकऱ्यानें नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे. पुण्याच्या हद्दींत १९९७ सालीं घेतलेल्या गांवांच्या टेकड्यांवर सुमारें ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठीं राखून ठेवण्यांत आलें. २०१५ सालीं शासनानें तें आरक्षण कायम केलें, व मालकांस मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊं केला. हा हक्क म्हणजे रोख पैसा नव्हे. दुसऱ्या ठिकाणीं इमारत बांधणाऱ्यास विकतां येईल असा तो बांधकामाचा हक्क आहे. शंभर चौरस मीटर जमीन द्यावयाची आणि आठ चौरस मीटरांचें बांधकाम विकण्याचा अधिकार घ्यावयाचा, असा तो सौदा. टेकड्या उघड्या राहाव्या हें मलाहि पटतें. त्या फोडल्या तर पायथ्याच्या विहिरी आटतात हें आपल्याइतकें कोणास कळतें? पण टेकडीचा वारा साऱ्या शहरानें खावा आणि तिचें ओझें तिच्या मालकांनींच वाहावें, हा न्याय मला मान्य नाहीं.

ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडूनच गेलें आहे त्यांना उपयोगी असें एक कलम आहे. अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणें, अंतिम योजना अमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन करारानें घेतली गेली नाहीं व संपादनाची कारवाईहि सुरू झाली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. आणि नोटिशीपासून चोवीस महिन्यांत संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत तर आरक्षण संपुष्टांत येतें. ही नोटिशीची मुदत मूळची सहा महिन्यांची होती. मग ती बारा महिन्यांची झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें चोवीस महिन्यांची. ती कोणत्या दिशेनें चालली आहे तें वाचकांनींच पाहावें. दहा वर्षें गेलीं म्हणजे आरक्षण आपोआप उडालें, अशी गांवोगांव समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. नोटीस दिलीच पाहिजे, मालकीचे कागद तिला जोडलेच पाहिजेत, आणि पोंच घेऊन जपून ठेवलीच पाहिजे. माझ्या तीस गुंठ्यांची नोटीस मीं गेल्या श्रावणांत दिली. अकरा वर्षें त्या तुकड्यावर मला कांहीं बांधतां आलें नाहीं, तो गहाण ठेवतां आला नाहीं, थोरल्या मुलाला तेथें निराळें घर करून देतां आलें नाहीं. आणि शहराजवळ तो घेण्यास पैसा नव्हता.

जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढें बिनशेती म्हटली कीं अजून कलेक्टर कचेरीच उभी राहते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणें शेतजमिनीचा दुसरा उपयोग करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागे, व त्यापायीं वर्षें जात. अलीकडील दुरुस्त्यांनीं, अंतिम योजना झालेल्या क्षेत्रांत आणि गांवठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरांच्या आंत, हें काम रूपांतर कर वगैरे भरून पुष्कळ सोपें केलें आहे. लोक या सोयीनें खूष आहेत. परंतु तिचा दुसरा अर्थ असा कीं, पूर्वीं जें मामलेदार कचेरींत अडत असे तें आतां नकाशांतच अडतें. नकाशांत रंग अनुकूल असेल तर पुढची वाट मोकळी. नसेल तर वाटच नाहीं.

मग रंग मागाहून बदलून घ्यावा, असें मध्यस्थ सांगतात. अंतिम योजनेंत किरकोळ फेरबदल करण्याचा मार्ग कलम ३७ मध्यें आहे खरा. त्यासाठीं हरकती-सूचना मागवाव्या लागतात, शासनाची मंजुरी लागते, आणि योजनेचें मूळ स्वरूप पालटतां कामा नये अशी अट आहे. मध्यस्थ जें विकतो तें हेंच कलम. एका गटाचा रंग पालटतो आणि भोंवतालचे दहा गट जसेच्या तसे राहतात. त्या एका गटांत टाकलेल्या भरावामुळें पावसाळ्यांत शेजाऱ्यांच्या शेतांत पाणी तुंबतें. आणि त्यांत मूळ मालकाचें भलें झालें म्हणावें तर तेंहि नाहीं. अर्जाच्या आधींच विसारपावती झालेली असते. भाव ठरतो हिरव्याचा व विक्री होते पिवळ्याची. मधला फरक कुलमुखत्याराच्या खिशांत जातो, आणि अर्जावर नांव मात्र शेतकऱ्याचेंच असतें.

प्रत्यक्ष बांधकामाच्या अगर भूखंड पाडण्याच्या परवानगीविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तो अर्ज जाणकार वास्तुविशारदामार्फत जातो व त्याचे नमुने ठरलेले आहेत. डिसेंबर २०२० पासून मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळतां राज्याला एकच एकत्रीकृत नियमावली लागू झाली आहे. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें कायदा मानतो, पण काम नियमांस सर्वस्वीं धरून असेल तरच. या तरतुदीच्या भरंवशावर पाया खणणें धोक्याचें आहे. नकार आल्यास चाळीस दिवसांच्या आंत शासनाकडे अपील करतां येतें, आणि तो नकार लेखी घेतला असेल तरच तें अपील नीट उभें राहतें. तोंडी नकार घेऊन घरीं परत येणारे आपल्यांत फार.

एकत्र जाण्याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथें सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं, त्यांत मगर घराण्यांतील मंडळी बहुसंख्य, आपली सुमारें ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यानें विकून न टाकतां एका कंपनींत एकत्र केली. ज्याची जितकी जमीन त्याला त्या प्रमाणांत भाग मिळाले. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें त्यांनीं स्वतःच नगराचा आराखडा करवून घेतला, मंजुरीचा अर्ज शेतकऱ्यांच्याच कंपनीच्या नांवानें गेला, आणि २००० सालच्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. पुढें त्याच धर्तीवर सिंहगड रस्त्यालगत नांदेड येथें सुमारें ७०० एकरांवर दुसरें नगर उभें राहिलें. या उदाहरणाची स्तुति पुष्कळ झाली आहे. त्यांतील अडचण थोड्यांनीं सांगितली. तेथें जमीन सलग होती, लोक बरेचसे भाऊबंद होते, आणि शहर दाराशीं येऊन ठेपलें होतें. आपल्याकडे एका गटावर सोळा नांवें, त्यांतलीं पांच मयताचीं, तीन बहिणी सासरीं, आणि एक दावा न्यायालयांत, अशी स्थिति असते. शिवाय त्या जमिनीवर राबलेल्या मजुराचा अशा भागीदारींत भाग नसतो. त्याचा विचार आपल्या संघानेंहि अद्याप केलेला नाहीं.

बहिणींचा उल्लेख आला म्हणून येथेंच सांगून टाकतों. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित जमिनींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. अर्ज करतांना त्यांचीं नांवें लपवूं नयेत, किंवा दिवाळीला माहेरीं बोलावून ओवाळणीच्या ताटाशेजारीं हक्कसोडपत्र ठेवूं नये. अशा कागदावर उभा केलेला अर्ज दहा वर्षांनींहि कोर्टांत अडकतो, आणि तो अडकावा हेंच योग्य.

ज्यांना कंपनी काढणें जमणार नाहीं त्यांच्यासाठीं १९१५ च्या कायद्यांतली जुनी पद्धति अजून कायद्यांत आहे. तिला नगररचना परियोजना म्हणतात. पुण्याचें शिवाजीनगर, म्हणजे जुनें भांबुर्डें, आणि मुंबईंतील वांद्रें, सांताक्रूझ, माहीम यांचे कित्येक भाग अशा परियोजनांतून वसलेले आहेत. सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या, आणि राहिलेली जमीन रेखीव भूखंडांच्या रूपानें मूळ मालकांस परत द्यावयाची. यांत कोणाचें सगळें शेत रस्त्यांत गेलें आणि कोणाचें कांहींच गेलें नाहीं, असें होत नाहीं. अलीकडे पुण्याजवळ माण व म्हाळुंगे या गांवांत सुमारें २५० हेक्टरांची अशी परियोजना हातीं घेण्यांत आली. तींत मालकांस निम्मी जमीन परत देण्याचें ठरलें. निम्मी हें प्रमाण योग्य कीं अयोग्य यावर अवश्य भांडावें, पण तें मसुद्याच्याच वेळीं भांडावें. माझ्या मैदानापुरता हिशेब मीं एकदां करून पाहिला. ओढ्याकांठचे आम्ही चौदा खातेदार. मैदानाची जागा चौदा जणांनीं वांटून दिली असती तर प्रत्येकाचे सव्वादोन गुंठेहि गेले नसते. आज माझे एकट्याचे तीस गुंठे अडकले आहेत, आणि बाकी तेरा जणांना मैदानाशेजारचा भाव मिळणार आहे. ते तेराहि जण भले आहेत. त्यांना कोणीं विचारलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं.

शहरांच्या बाजूनेंहि कांहीं सुधारणा व्हावयास पाहिजे. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं अकरा व २०२१ सालीं तेवीस गांवें घेण्यांत आलीं, आणि पहिल्या अकरांपैकीं उरळी देवाची व फुरसुंगी हीं पुढें पुन्हां वेगळीं काढण्यांत आलीं. अशा वेळीं अर्ज कोणत्या कचेरींत द्यावयाचा हेंच शेतकऱ्यास समजत नाहीं. ज्या गांवांची शेतें योजनेंत येतात तेथील चावडीवर मसुद्याचा तेवढा भाग, गट क्रमांक डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या आकारांत, मराठींत लावला जावा. तीस दिवसांऐवजीं साठ दिवस असावे. आणि मृगापासून पोळ्यापर्यंत कोणतीहि मुदत सुरू करूं नये. शहरांतील शाळांच्या परीक्षा पाहून निवडणुकांच्या तारखा ठरवितात, मग पेरणी पाहून मुदत ठरविण्यांत कोणाचें काय बिघडणार आहे?

येत्या वार्षिक सभेपुढें मी ठराव मांडणार आहें कीं, संघानें एका माणसाकडे राजपत्र व वर्तमानपत्रांतील नोटिसा पाहण्याचें काम नेमून द्यावें, शहराच्या हद्दीपासून दहा मैलांच्या आंतील प्रत्येक गांवाचा भाग नकाशा विकत आणून कचेरींत ठेवावा, आणि एका ओढ्याच्या किंवा एका रस्त्याच्या सर्व खातेदारांची हरकत एकत्र लिहून सुनावणीस त्यांच्याबरोबर आपला माणूस पाठवावा. खर्चासाठीं दर एकरीं लहानशी वर्गणी पुरेल असा माझा अंदाज आहे. मध्यस्थाच्या एका मोटारीच्या पेट्रोलाहून ती जास्त होणार नाहीं. ठराव होवो वा न होवो, तीन गांवांचे नकाशे मीं स्वतः आणलेले आहेत. बाजाराच्या दिवशीं सकाळीं ते कचेरींतील मेजावर पसरलेले असतात. ज्यांनीं कोणाच्या कागदावर अद्याप सही केलेली नाहीं त्यांनीं सातबारा, खातेउतारा व असल्यास मोजणीचा नकाशा घेऊन यावें, आणि शेजारच्या बांधाचा खातेदारहि सोबत आणावा.